खावटी, बोजा आणि सातबारा

बाँडवरची सोडचिठ्ठी. शिरूर-दौंडकडे मोडलेला संसार कोर्टाआधी बैठकीत येतो. दोन्हीकडची भावकी बसते, भांडीकुंडी आणि सोनं परत करायचं ठरतं. मग तहसीलजवळच्या टायपिंगवाल्याकडे मजकूर तयार होतो: राजीखुशीने वेगळे होत आहोत, यापुढे एकमेकांवर कसलाही हक्क नाही. पूर्वी शंभराचा बाँड लागे, आता पाचशेचा. चार साक्षीदार, नोटरीचा शिक्का, आणि मुलीच्या बापाला वाटतं, सुटलो एकदाचे. कायद्याने मात्र लग्न अजून कायम असतं. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ मध्ये रूढीच्या काडीमोडाला जागा आहे. पण आपल्या समाजात ती रूढी पूर्वापार आहे, हे पुराव्यानिशी सिद्ध करावं लागतं. ते न करता या बाँडच्या भरवशावर दुसरं लग्न लावलं, की ते रद्दबातल ठरतं आणि दुसऱ्या मुलीचंही आयुष्य टांगणीला लागतं.

तारखा. १९८४ च्या कायद्याने आलेलं कौटुंबिक न्यायालय पुण्यात आहे. तालुक्याला ती सोय नाही. घटस्फोटाचा अर्ज दिवाणी न्यायाधीशांपुढे, खावटीचा आणि कौटुंबिक हिंसाचाराचा न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे. प्रकरणं तीन, तारखाही तीन. नवऱ्याने दौंडला दावा लावला आणि बायको शिरूरला माहेरी असली, तर न्हावरे-चौफुला मार्गे येण्या-जाण्यात दिवस जातो, खुरपणीची मजुरी बुडते ती वेगळीच. हिंदू विवाह कायद्याच्या २००३ च्या दुरुस्तीने बायकोला ती राहते तिथे घटस्फोटाचा अर्ज करता येतो. नवऱ्याने आधी दावा लावला असेल, तर कलम २४ खाली दाव्याचा खर्च आणि तात्पुरती पोटगी मागता येते.

फी. महाराष्ट्रात १ ऑक्टोबर १९९४ पासून पोटगी, मालमत्ता, हिंसाचार आणि घटस्फोटाच्या प्रकरणांत बाईला कोर्ट फी माफ आहे. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने तिला सरकारी खर्चाने वकीलही मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. हे कळायच्या आत कितीतरी जणी वकिलाची फी भरायला गळ्यातलं मोडून बसलेल्या असतात.

सातबारा. सगळ्यात मोठी कोंडी इथे आहे. वीस वर्षं उसाला पाणी दिलं, धारा काढल्या, मजुरांच्या भाकरी थापल्या. सातबाऱ्यावर नाव मात्र नवऱ्याचं, दिरांचं, सासऱ्याचं. हिंदू कायद्यात घटस्फोट झाला म्हणून संसारातल्या मालमत्तेची वाटणी होत नाही. बाईला मागता येते ती पोटगी आणि आपलं स्त्रीधन. शेजारच्या गोव्यात तसं नाही. तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा चालत आला आहे, आणि लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता निम्मी-निम्मी धरली जाते. शिरूरला लागूनच असलेल्या खेड तालुक्यात, आंबेठाणला शेती करणाऱ्या शेतकरी नेते शरद जोशींनी 'लक्ष्मी मुक्ती'चा आग्रह धरला होता तो म्हणूनच: शेतकऱ्याने हयातीत, स्वखुशीने जमीन बायकोच्या नावे करावी. सरकारनेही १९९२ मध्ये त्याला अनुसरून परिपत्रक काढलं. ज्या घरांनी ते मनावर घेतलं, तिथल्या बायकांच्या पायाखाली आज जमीन आहे.

बोजा. हिंदू विवाह कायद्याचं कलम २५ वाचताना एक ओळ नजरेतून सुटते. कायमची पोटगी ठरवताना कोर्ट ती नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेवर बोजा म्हणून ठेवू शकतं. तसा हुकूम झाला की त्याची नक्कल तलाठ्याकडे द्यायची, फेरफार करून घ्यायचा आणि सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात नोंद उतरली का, ते पाहायचं. सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा चढतो तोच हा रकाना. उद्या कोणी ते रान विकत घ्यायला आला, तर ही नोंद त्याच्या डोळ्यांसमोर येते. अर्जात ही मागणी पहिल्यापासून लिहायला हवी.

उत्पन्न. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या कंपनीत कायम असलेल्याची कमाई पगारपत्रक दाखवतं. ठेकेदाराकडचा कामगार आणि शेतकरी मात्र कोर्टात हमखास 'काहीच उरत नाही' म्हणतात. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या रजनेश विरुद्ध नेहा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी दोन गोष्टी पक्क्या केल्या: दोघांनीही मालमत्ता आणि देण्याचं शपथपत्र द्यायचं, आणि खावटी अर्जाच्या तारखेपासून धरायची. म्हणून कारखान्याचं ऊसबिल, दूध डेअरीचं पासबुक, ट्रॅक्टरचे कागद यांचे फोटो घर सोडण्याआधीच काढून ठेवावेत.

जामीन. पतसंस्थेच्या कर्जाला नवऱ्यासाठी सही केलेली बायको घटस्फोटानंतरही जामीनदारच राहते. कोर्टाचा हुकूमनामा पतसंस्थेला बांधत नाही. समेटाच्या अटी लिहितानाच कर्ज फेडून घ्यावं किंवा जामीनदार बदलून घ्यावा.

थकबाकी. खावटीचा हुकूम झाला म्हणजे पैसे आले असं नाही. महिने थकले, की वसुलीचा अर्ज रक्कम देणं लागू झाल्यापासून एका वर्षात करावा लागतो. वॉरंटचा रस्ता त्या वर्षापुरताच उघडा असतो. 'देईल पुढच्या सुगीला' म्हणत थांबलेल्या बाईचं पहिल्या वर्षाचं येणं असंच हातचं जातं.

केडगाव. दौंड तालुक्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. न विचारता लावून दिलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर तुरुंगात, असा हुकूम मुंबईच्या न्यायालयाने १८८७ मध्ये रखमाबाईंना दिला. त्याच वर्षी रमाबाईंनी आपल्या पुस्तकात रखमाबाईंची बाजू मांडली. पुढच्या वर्षी तडजोड झाली, ती नवऱ्याला दोन हजार रुपये देऊन. पुढे केडगावच्या माळावर रमाबाईंनी विधवांना, टाकलेल्या बायकांना आणि दुष्काळातल्या मुलींना छप्पर दिलं. त्याबरोबर शेती, विणकाम आणि छपाईचं कामही शिकवलं. निवाऱ्याला कमाईची जोड हवी, हे त्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखलं.

अखेरची सही. संमतीच्या घटस्फोटात एकरकमीचा आकडा ठरला की दोन्ही घरांना घाई होते. सहीआधी तिने मोठ्याने वाचून घ्यावं: रक्कम कधी, कशी; मुलांची फी कोण भरणार; सोनं मोजून मिळालं का; कर्जातून नाव निघालं का; बोजा लिहिलाय का. एका जरी प्रश्नाचं उत्तर कागदावर नसेल, तर सही पुढच्या तारखेला करावी. त्या बैठकीत तिच्या बाजूने बसलेल्या बापाने आणि भावाने तिला घाई करू नये. तिच्या पाठीशी उभं राहणं म्हणतात ते हेच.