साक्षीदार क्रमांक दोन

बँकेत कारकुनी करणाऱ्या माणसाने आयुष्यात दुसरं काही दिलं नाही, तरी साक्ष भरपूर दिलेली असते. सही न येणारा पेन्शनर आला, की त्याचा अंगठा शाईत बुडवून कागदावर उमटवायचा आणि शेजारी दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या. पहिला साक्षीदार कोणीतरी वजनदार माणूस शोधतात. दुसरा मी. वीस वर्षांत इतक्या अंगठ्यांशेजारी सह्या केल्या आहेत, की स्वतःच्या अंगठ्याशी माझी तेवढी ओळख नाही.

त्यामुळे आमच्या पाळकसाहेबांनी उपासना संपल्यावर दारातच माझा हात धरून, "पुढच्या रविवारी साक्ष तुम्ही द्यायची," असं सांगितलं, तेव्हा खरं म्हणजे मी घाबरायला नको होतं. पण चर्चमधली साक्ष सहीवर भागत नाही. सगळ्या मंडळीपुढे उभं राहून, देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते आपल्या तोंडाने सांगावं लागतं.

"साहेब, माझ्या आयुष्यात काही घडलेलंच नाही हो," मी म्हणालो.

"मग तेच सांगा," असं म्हणून ते पुढच्या माणसाशी हस्तांदोलन करू लागले.

आमच्या मंडळीत साक्षींचा दर्जा फार वरचा आहे. आदल्या महिन्यात एका गृहस्थांनी वीस वर्षांची दारू एका रात्रीत कशी सुटली ते सांगितलं. त्याच्या आधीचे गृहस्थ ट्रकसकट दरीत पडून वर आले होते. मीही दारू पीत नाही, पण त्यात माझं कर्तृत्व शून्य. मला ताकसुद्धा बाधतं. अपघात म्हणाल तर एकदा स्कूटरवरून पडलो होतो, पण तेव्हा ती स्टँडवर होती.

थोरामोठ्यांकडे पाहावं, तर आणखीच पंचाईत. पौलाला दिमिष्काच्या वाटेवर आकाशातून प्रकाश दिसला. आमच्या रस्त्यावर प्रकाश दिसला तर लोक नगरपालिकेचे आभार मानतात. रेव्हरंड ना. वा. टिळकांना रेल्वेच्या डब्यात एका सहप्रवाशाने नवा करार दिला आणि पुढे १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. मीही उभा जन्म रेल्वेने हिंडलो, पण सहप्रवासी मला "जरा सरका" याच्यापुढे काही बोलले नाहीत. पंडिता रमाबाईंनी १९०७ साली आपली साक्ष लिहिली. पण दुष्काळात आईवडील गमावून देशभर पायी हिंडलेली ती बाई! तिच्यापुढे मी काय सांगणार? की माझी बदली एकदा तालुक्याला झाली होती?

उधळ्या पुत्राच्या दाखल्यातसुद्धा माझी जागा ठरलेली आहे. थोरला भाऊ! बापाच्या शेतावर वर्षानुवर्षं राबणारा, हक्काची रजासुद्धा न घेणारा. त्याच्यासाठी कुणी कधी करडू कापलं नाही. तो बी. कॉम. झाला असता, तर नक्की कॅशियर झाला असता.

"हरवलोच नाही, तर सापडलो कसं सांगू?" मी सौभाग्यवतीला विचारलं. ती संडे स्कूलमध्ये शिकवते, तेव्हा अशा बाबतीत तिचा अधिकार मोठा.

"तीमथ्याला कुठे उजेड दिसला होता?" ती भाजी निवडत म्हणाली. "त्याचा विश्वास आधी आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात होता, असं पौलानेच लिहिलंय. तुम्हालाही आजी होतीच की."

होती खरी. नगरकडची होती. दुसरी इयत्ता शिकलेली. ओळीखाली बोट धरून शुभवर्तमान वाचायची आणि रात्री कंदील बारीक करून देवाला दिवसाचा हिशोब द्यायची. अगदी हिशोबच! कुणाचं वाटीभर तेल आणलंय, कुणाला उगाच टाकून बोलले, सगळं मोठ्याने. शेजारच्या अंथरुणात मी ऐकत झोपी जायचो. माझा धर्म आणि माझं अकाउंटन्सी, दोन्हींचा पाया तिथलाच. कॉलेजला पुढे फक्त पुस्तकं वेगळी होती.

आजीवरून मला नोटाबंदी आठवली. ८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बाद झाल्या, ९ला बँका बंद राहिल्या आणि १०ला उघडल्या तेव्हा रांगेचं शेपूट एस. टी. स्टँडपर्यंत गेलं होतं. मी कॅशवर. पुढच्या आठवड्यात एका रात्री कॅश मोजली तर दहा हजार रुपये कमी. दोन हजारांच्या कोऱ्या करकरीत नोटा. पाच जास्तीच्या कुठेतरी चिकटून गेल्या असाव्यात. कमी भरलेली रक्कम कॅशियरने भरायची, हा जगन्मान्य नियम. तूर्त ती सस्पेन्स खात्याला टाकली आणि मी घरी येऊन गुडघे टेकले. प्रार्थना अगदी व्यवहारी होती: प्रभू, दहा हजार कुठूनही येऊ देत.

आणि दुसऱ्या दिवशी ते आले!

एका म्हातारीने पदराची गाठ सोडून पाचशेच्या जुन्या नोटांची पुरचुंडी खिडकीतून आत सारली. स्लिप रांगेतल्या कुणीतरी भरून दिलेली. नोटा वीस, रुपये दहा हजार. मशीनमध्ये घातल्या. चाळीस! पुन्हा घातल्या. चाळीस! हाताने मोजल्या, त्याही चाळीसच. म्हणजे बरोबर दहा हजार जास्त. ना एक रुपया कमी, ना एक जास्त. प्रार्थनेचं इतकं चोख उत्तर मला जन्मात मिळालं नव्हतं.

अर्धा मिनिट मी गप्प बसलो. मग म्हणालो, "आजी, हे वीस हजार आहेत. स्लिप दुसरी भरा."

"असतील बाबा. मला कुठं मोजता येतंय," ती म्हणाली आणि पासबुक घेऊन गेली. आभारसुद्धा नाहीत. आकाशवाणी तर नाहीच. माझे दहा हजार शेवटपर्यंत सापडले नाहीत. दरमहा दोन हजारांप्रमाणे पाच हप्त्यांत पगारातून गेले. घरी घ्यायचा मिक्सर पाच महिने लांबला.

ही गोष्ट मी स्वच्छ अक्षरात लिहून काढली आणि सौभाग्यवतीला वाचून दाखवली. तिने मध्येच थांबवलं. "ते अर्धा मिनिट कुठे गेलं? मला तर तेव्हा सांगितलं होतंत."

"ते बरं दिसत नाही. लोकांना वाटेल, याने पैसे घ्यायचा विचार केला."

"मग केला नव्हता?"

मी गप्प. (हेही अर्ध्या मिनिटाचंच असावं.)

"ते काढलंत तर उरतं काय?" ती म्हणाली. "बँकेचं परिपत्रक!"

रविवारी मी ते अर्धा मिनिट घालून वाचलं. मशीनमध्ये नोटा पुन्हा का घातल्या, तेही सांगितलं. चूक शोधायला नव्हे. वीसच निघोत, म्हणजे माझ्यावर काही पाळीच येणार नाही, म्हणून. कागद थरथरत होता. चार मिनिटांत संपलं. कुणी 'हालेलुया' म्हटलं नाही. मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं. ट्रकवाले गृहस्थ माझ्याकडे सहानुभूतीने पाहत होते.

चहाच्या वेळी एक तरुण जवळ आला. कुठल्याशा दुकानात गल्ल्यावर बसतो, एवढंच मला ठाऊक. "जय ख्रिस्त, काका," म्हणाला आणि कप हातात फिरवत उभा राहिला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "तुम्ही अर्धा मिनिट थांबलात. मी दोन दिवस थांबलोय."

मला काय बोलावं सुचेना. "हरकत नाही," मी म्हणालो, "मोजणी अजून संपलेली नाही." तो हसला की काय, कळलं नाही. चहा तसाच ठेवून निघून गेला. सोमवारी त्याने काय केलं, ते मी विचारलं नाही.

पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. दरीतून वर आलेल्या माणसाची साक्ष आपण श्वास रोखून ऐकतो आणि घरी येऊन जेवतो. कारण दरी आपल्या वाट्याला येईलच असं नाही. चाळीस नोटा मात्र कुणाच्याही खिडकीत येतात. आणि अंगठ्याशेजारी सही करणाऱ्याने तरी काय करायचं असतं? अंगठा त्याचा नसतो, पेन्शनही त्याची नसते. हे माझ्यासमोर झालं, एवढंच त्याला सांगायचं असतं. त्याच्या सहीवाचून कागद मात्र पुढे सरकत नाही.

पाळकसाहेबांनी पुढल्या वर्षी पुन्हा बोलावलं आहे. तोपर्यंत काही घडू नये, अशी माझी प्रार्थना आहे.