कॉटन ग्रीन : महानगराच्या वाचनाविषयी

पर्यटकाची मुंबई आणि रहिवाशाची मुंबई असा भेद मराठी समीक्षा बहुधा गृहीत धरते. गेटवे, मरीन ड्राइव्ह ही पहिली. गिरणगाव, कामाठीपुरा, धारावी ही दुसरी. पहिलीकडून दुसरीकडे जाणे म्हणजे देखाव्याकडून वास्तवाकडे जाणे, अशी त्यामागची धारणा असते. परंतु आता धारावीतूनही वाटाड्यासह सहली निघतात. नेहमीच्या स्थळांपलीकडे गेल्याने पाहणाऱ्याची दृष्टी पालटतेच असे नाही. पुष्कळदा केवळ देखावा पालटतो.

खामगावच्या वाचकाला हा प्रश्न अधिक जवळचा वाटतो, कारण त्याच्या जिल्ह्याचीही अशीच तीन स्थळांत बोळवण झालेली आहे. लोणारचे सरोवर, शेगावचे मंदिर आणि सिंदखेडराजाचा राजवाडा पाहिला की बाहेरच्याचा बुलढाणा जिल्हा पाहून होतो. खामगावची कापसाची बाजारपेठ त्यात येत नाही. वस्तुतः या भूभागाचा आधुनिक इतिहास कापसावाचून सांगता येत नाही. १८५३ साली वऱ्हाडचा कारभार निजामाकडून कंपनी सरकारकडे गेला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) हिंदुस्थानी कापसाची मागणी एकाएकी वाढली. १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला. पऱ्हाटीवरून वेचलेला कापूस बंडीतून बाजारात येई, सरकी निघून त्याची रुई होई आणि दाबून बांधलेल्या गाठी रेल्वेने मुंबईला जात.

शेगावला किंवा मलकापूरला रात्रीच्या गाडीत बसलेला हा वाचक मुंबईला उतरतो तेव्हा त्याच्याभोवतीची मंडळी २००४ साली जागतिक वारसा ठरलेल्या स्थानकाची इमारत न्याहाळत असतात. तो हार्बर मार्गाच्या गाडीत बसतो. मशीद, सँडहर्स्ट रोड, डॉकयार्ड रोड, रे रोड आणि त्यानंतर कॉटन ग्रीन. कापसाचा घाऊक बाजार एके काळी कुलाब्यात होता. विसाव्या शतकात तो शिवडीच्या बाजूला हलला आणि आपले नाव स्थानकाला देऊन गेला. प्रवासी पुस्तकांत या स्थानकाला सहसा जागा नसते. खामगावच्या माणसाला मात्र त्या पाटीवर आपल्याच गावाच्या रस्त्याचे दुसरे टोक दिसते.

तथापि, ओळख पटणे म्हणजे ज्ञान होणे नव्हे. राज्य विधिमंडळाने २०२४ साली मुंबईतील काही स्थानकांच्या नामांतराचा ठराव संमत केला, त्यात कॉटन ग्रीनसाठी काळाचौकी हे नाव आहे. कापसाची खूण पुसली जाणार म्हणून या वाचकाला हळहळ वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तिथे राहणाऱ्यांच्या तोंडी काळाचौकी हेच नाव पूर्वीपासून आहे. 'कॉटन ग्रीन' हे व्यापाराचे नाव; ते ना पिकवणाऱ्याने ठेवले, ना तिथल्या रहिवाशाने. ज्या नावावर तो हक्क सांगू पाहतो, त्या नावाने त्याच्या आजोबाचा माल मोजला, आजोबाला नव्हे.

या संदर्भात 'गोलपिठा'च्या प्रस्तावनेची हकीकत पुन्हा वाचण्याजोगी आहे. १९७२ साली निघालेल्या या संग्रहाला प्रस्तावना लिहिण्यापूर्वी विजय तेंडुलकरांनी नामदेव ढसाळांना अनेक शब्दांचे अर्थ विचारले आणि त्यांच्याबरोबर त्या वस्तीत हिंडून ती पाहिली. मध्यमवर्गीय लेखकाने अपरिचित जगाचे घेतलेले दर्शन, असा या हकीकतीचा अर्थ लावला जातो. त्यात शब्द विचारण्याची कृती झाकोळली जाते. आपली मराठी अपुरी आहे हे एका प्रथितयश नाटककाराला तिथे मान्य करावे लागले. सहलीतल्या माणसावर ही वेळ येत नाही. त्याला उत्तरे आधीच तयार मिळतात.

'पलीकडे' हे अंतराचेही माप नव्हे. अरुण कोलटकरांच्या २००४ सालच्या इंग्रजी संग्रहातील 'काळा घोडा' हा पर्यटकांच्या ऐन वाटेवरचा परिसर आहे. तिथल्याच एका उपाहारगृहात वर्षानुवर्षे बसून त्यांनी पदपथावर राहणारी, झाडणारी, खाणारी माणसे टिपली. शहराचा अदृश्य भाग त्यांना दूर जाऊन शोधावा लागला नाही.

या विचाराचा रोख अखेर अभ्यासक्रमाकडे वळतो. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतरची एका कुटुंबाची वाताहत जयंत पवारांच्या 'अधांतर'मध्ये (१९९७) येते. बुलढाणा जिल्ह्यातल्याच सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'ला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तीत शिकूनही बेकार राहिलेल्या शेतकऱ्याच्या मुलाचे घर विस्कटत जाते. पहिली कृती महानगरी साहित्याच्या प्रश्नपत्रिकेत जाते, दुसरी ग्रामीण साहित्याच्या. एकीतल्या बोलीला अस्सल महानगरी म्हणायचे आणि दुसरीतल्या वऱ्हाडीला मातीचा गंध चिकटवायचा, एवढ्यावर दोन्हींची वासलात लागते. सूत कातणाऱ्याच्या घराची आणि कापूस वेचणाऱ्याच्या घराची पडझड एकाच व्यवहाराच्या दोन टोकांना घडली काय, हा प्रश्न विद्यार्थ्यापुढे उभाच राहत नाही. वाङ्मयप्रकारांची ही वाटणी पर्यटनाच्या नकाशासारखीच काम करते : प्रत्येक स्थळ ठळक होते, मधला रस्ता नाहीसा होतो.

खामगावच्या वर्गात 'अधांतर' वाचणाऱ्या मुलांना गिरणगावाची माहिती पुरवणे फारसे अवघड नाही. त्या बंद गिरण्यांत पूर्वी कोणाच्या शेतातली रुई जात होती, हे त्यांच्याच घरातल्या जुन्या माणसांना विचारायला लावणे अधिक अवघड आहे. त्यासाठी मुंबईलाच नव्हे, खामगावच्या बाजारातही पुन्हा एकदा नवख्यासारखे हिंडावे लागेल आणि तिथलेही शब्द विचारून घ्यावे लागतील.