सेकंड शिफ्टचा आठवडा

ढोरकीनच्या फाट्यावर मी दिंडी सोडली आणि एसटीत बसलो. नाथषष्ठीला बिडकीनहून पायी पैठणला जाणं आमच्या घरात नवीन नाही. वडील पासष्टी ओलांडेपर्यंत दरवर्षी गेले. दिंडी सोडली तेव्हा मी एकोणचाळीस वर्षांचा होतो. पोटऱ्यांत गोळे आले, धाप लागली, आणि डोक्यावर तुळस घेतलेल्या दोन आजीबाई माझ्या पुढून निघून गेल्या. घरी वडिलांना सांगितलं, कंपनीतून अर्जंट बोलावणं आलं होतं. ते खोटं होतं.

त्याच महिन्यात रक्त तपासलं. तीन महिन्यांची सरासरी साखर 6.3 निघाली. 6.5 ला मधुमेह धरतात, म्हणजे मी दारातच उभा होतो. डॉक्टरांनी विचारलं, व्यायाम काय करता? मी म्हणालो, "सर, वाळूजला लाइनवर सुपरवायझर आहे. आठ तास उभाच असतो." त्या वेळी माझा यावर पक्का विश्वास होता. माझी पहिली चूक हीच.

नंतर लंडनच्या बसवाल्यांचा अभ्यास वाचला. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी तो 1953 साली प्रसिद्ध केला. त्या दुमजली बसचे ड्रायव्हर दिवसभर बसून असत आणि कंडक्टर तिकिटांसाठी सतत जिना चढत-उतरत. हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी आढळला. एकच बस, एकच रस्ता, फरक हालचालीचा. मी वाचता वाचता थांबलो, कारण मी कंडक्टर नव्हतो. लाइनवर मी एका जागी उभा राहतो, बोट दाखवतो, वहीत लिहितो. पाय दुखतात, त्यामुळे खूप काम झाल्यासारखं वाटतं एवढंच.

वडिलांनी व्यायाम हा शब्द कधी वापरला नाही. मोसंबीची आळी करायची, कपाशी वेचायची, रात्री लाइट आली की विहिरीवर पळायचं. ती जमीन ऑरिक या औद्योगिक क्षेत्राच्या संपादनात गेली. मोबदला आला, पक्कं घर झालं, मी कंपनीत लागलो. राबणं संपलं आणि ताटातल्या भाकरी तेवढ्याच राहिल्या. घरात कुणी हा हिशेब मांडलाच नाही, मीही नाही.

रिपोर्टनंतर मी घाबरून दुसरं टोक गाठलं. नक्षत्रवाडीकडच्या एका जिमची वर्षाची फी एकदम भरली. ठरवलं, रोज एक तास, खाडा नाही. पण आमच्या शिफ्टा दर आठवड्याला बदलतात. फर्स्ट सकाळी सातला सुरू होते आणि बस त्याच्या कितीतरी आधी निघते. सेकंड रात्री बाराला सुटते. नाइट करून घरी यायला आठ वाजतात. मी कंपनीची बस सोडली, मोटारसायकल काढली आणि नाइट संपली की थेट जिमला जाऊ लागलो. झोप चार तासांवर आली. अकराव्या दिवशी पैठण रोडवर डुलकी लागली. ट्रकच्या हॉर्नने जागा झालो तेव्हा गाडी साइडपट्टीवर उतरलेली होती. हात घरी पोचेपर्यंत थरथरत होते. जिम त्या दिवशी सुटली.

घरी हे सांगितलं तेव्हा बायको आधी रडली, मग चिडली. "चार तास झोपून गाडी काहून चालवता? पोरांचं काय झालं असतं?" मग थोडं थांबून म्हणाली, "तुमच्या त्या तासात पाणी मी भरलं, डबे मी केले, पोराचा अभ्यास मी घेतला. मलाही डॉक्टरनं चालायला सांगितलंय. तुम्ही विचारलं का कधी?"

विचारलं नव्हतं. तिचे गुडघे दुखतात हे ठाऊक होतं, पण तिलाही तो तास लागतो हे मनात आलं नव्हतं. माझ्या सगळ्या चुकांत मला हीच सर्वांत मोठी वाटते. मी वेळ काढला नव्हता, माझ्या झोपेतून आणि तिच्या दिवसातून ओढून घेतला होता. मोबाइलच्या वेळेला मात्र हात लावला नव्हता. जेवणानंतर त्यावर सहज पाऊण तास जायचा.

जागतिक आरोग्य संघटनेचं मोजमाप आठवड्याचं आहे, हे मला फार उशिरा कळलं. प्रौढांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी. सलग किमान दहा मिनिटं झालीच पाहिजेत, ही जुनी अटही त्यांनी 2020 मध्ये काढून टाकली. मी रोजच्या तासाला धरून बसलो होतो आणि एक दिवस चुकला की अख्खा आठवडा सोडून देत होतो.

आता शिफ्टचं वेळापत्रक आलं की आम्ही दोघं ते कॅलेंडरवर मांडतो. फर्स्टच्या आठवड्यात संध्याकाळी ऑरिकच्या रुंद रस्त्यांवर दोघं चालतो आणि तेवढा वेळ पोरं आजोबांकडे असतात. नाइटच्या आठवड्यात झोप पूर्ण झाल्यावर, दुपारी उठून सूर्यनमस्कार घालतो, आधी नाही. सेकंडचा आठवडा अजून जमलेला नाही. डबे आणि पाणी आता मी करतो, त्यामुळे सकाळी ती चालायला जाते. माझ्या वाट्याला तुकडे येतात. बसची वाट बघत दहा मिनिटं, जेवणाच्या सुट्टीत शेडभोवती दहा मिनिटं. गेल्या सेकंडला माझी बेरीज 75 झाली, तिची 140.

मागच्या रविवारी वडीलही आमच्यासोबत आले. ज्या बाजूला आमची मोसंबी होती तिथे ते जरा रेंगाळले. तिथेच मी त्यांना ढोरकीनच्या एसटीचं सांगून टाकलं.

"मला त्याच संध्याकाळी कळलं होतं," ते म्हणाले. "दिंडीतल्यांनी सांगितलं." आणि पुढे चालू लागले.