शखेमचे तीन दिवस

सिंहासन वारशाने मिळते. लोकांचा विश्वास मात्र प्रत्येकाला नव्याने मिळवावा लागतो. शलमोन राजाच्या मृत्यूनंतर, सुमारे इ. स. पूर्व ९३० मध्ये, त्याचा पुत्र रहबाम राज्याभिषेकासाठी शखेमला गेला, तेव्हा त्याला हे उमगले नव्हते. राजांच्या पहिल्या ग्रंथाचा १२ वा अध्याय ही कथा सांगतो.

लोकांचे मागणे माफक होते. शलमोनाने यरुशलेमचे मंदिर उभारले, त्याची कीर्ती दूरवर पसरली. पण त्या वैभवाचा भार प्रजेच्या खांद्यावर होता. ३०,००० माणसे वेठीस धरून, दरमहा १०,००० याप्रमाणे, पाळीपाळीने लबानोनात पाठवली गेली. राजवाड्याला रसद पुरवण्यासाठी १२ अधिकारी नेमलेले होते. प्रत्येकाने वर्षातील एका महिन्याचा भार वाहायचा. लोक एवढेच म्हणाले की, आमचे जू हलके करा, म्हणजे आम्ही तुमची सेवा करू.

रहबामाने तीन दिवसांची मुदत मागितली. तेथवर त्याचे वर्तन सुज्ञपणाचेच होते. मला अस्वस्थ करते ते त्या तीन दिवसांत जे घडले नाही ते. त्याने वडीलधाऱ्यांचा सल्ला घेतला, बालमित्रांचाही घेतला. परंतु ज्यांच्या मानेवर जू होते त्यांच्यापैकी एकालाही त्याने जवळ बोलावल्याचा उल्लेख नाही.

वडीलधाऱ्यांनी सांगितले, आज या लोकांचा सेवक हो, ते सदैव तुझे सेवक होतील. मित्रांनी शिकवले, माझी करंगळी बापाच्या कमरेहून जाड आहे असे त्यांना सुनाव. या प्रसंगाकडे म्हातारे विरुद्ध तरुण असा वाद म्हणून पाहणे मला पटत नाही. रहबाम तेव्हा ४१ वर्षांचा होता आणि ते मित्र त्याच्याबरोबरच वाढलेले होते. मूळ हिब्रू पाठात एक सूक्ष्म भेद आहे. मित्रांना विचारताना तो ‘आपण काय उत्तर द्यावे’ असे म्हणतो. वडीलधाऱ्यांशी बोलताना हा ‘आपण’ नाही. सल्ला मागण्यापूर्वीच त्याने आपली माणसे निवडली होती.

पुढचे सर्वश्रुत आहे. दहा वंश वेगळे झाले. त्यांच्याकडे राजाने पाठवला तो वेठबिगारीवरचा अधिकारी अदोराम! लोकांनी त्याला दगडमार करून ठार केले आणि राजा रथात बसून यरुशलेमला पळाला. पाचव्या वर्षी मिसरच्या शिशक राजाने शलमोनाच्या सोन्याच्या ढाली लुटून नेल्या. रहबामाने पितळेच्या ढाली घडवल्या आणि मंदिरात जाताना पहारेकरी त्या मिरवू लागले. अधिकार निसटला, तरी इतमाम सुटला नाही.

याच रहबामाच्या पित्याने राज्यारंभी परमेश्वराकडे धन किंवा दीर्घायुष्य न मागता, हिब्रू शब्दांनुसार, ‘ऐकणारे अंतःकरण’ मागितले होते. ती प्रार्थना सामान्य काळातील १७ व्या रविवारी, ‘अ’ वर्षात, आपण मिस्सामध्ये ऐकतो. शखेमची सभा मात्र रविवारच्या वाचनांत येत नाही. ती घरी बायबल उघडूनच वाचावी लागते.

आमच्या धर्मग्रामातील एका मंडळाची सूत्रे यंदा माझ्याकडे आली आहेत. जुन्या कार्यकर्त्यांचे अनुभव हाताशी आहेत, समवयस्कांचा उत्साहही आहे. तरीही पहिली बैठक बोलावण्यापूर्वी, जी कुटुंबे बैठकांना कधीच येत नाहीत त्यांच्या दारी जायचे मी ठरवले आहे. तेथे गेल्यावर बोलण्याची घाई न करण्याचे बळ परमेश्वराने द्यावे, एवढेच मागणे आहे.