भिलाईच्या अंगणात सुरमईची तयारी

मामेभाऊ दिवाळीला व्हिक्टोरियाहून भिलाईला आला आणि त्याच्या बॅगेत माझ्यासाठी हाताने फिरवायचा डाउनरिगर होता. पुण्याहून निघायला मला एवढं कारण पुरेसं होतं. कॅनडाच्या त्या किनाऱ्यावर खोल पाण्यातले साल्मन याच यंत्राच्या मदतीने पकडतात. आपल्याकडे सुरमईसाठी आमिष नावेमागे वरच्या पाण्यात ओढत न्यायची रीत. सकाळी ती फळते. ऊन चढलं की देवगडसमोर दुपारभर नुसतं डिझेल जळतं आणि खाली, पंधरा-वीस मीटरवर, मासा निवांत फिरत असतो. त्या पाण्यात आमिष कसं न्यायचं, हे माझ्या डोक्यात कित्येक दिवस घोळत होतं.

नागपूर सोडल्यावर गाडीत झोपायचं नाही, हा माझा नेम आहे. गोंदियाच्या पुढचं जंगल, डोंगरगडची बमलेश्वरीची टेकडी आणि मग एकदम सपाट, कापणीला आलेला धान. एवढं सुंदर भातशेत मला कोकणातसुद्धा क्वचितच दिसलं. मामांच्या क्वार्टरमध्ये पोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती. मामीने वाफाळते फरे समोर ठेवले. तांदळाच्या पिठाचा इतका साधा पदार्थ, पण वरची तिळाची फोडणी अशी की मी बोलायचंच विसरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात मांडामांड झाली. मी मित्राकडून दोन रॉड उसने आणले होते. एक सहा फुटी, कार्बनचा, ताठ. दुसरा नऊ फुटी, काचतंतूचा, हातात घेतला की टोक डुलणारा. मुंबईतल्या दुकानदाराने ठामपणे सांगितलं होतं की समुद्राचा मासा म्हणजे ताठ रॉडच हवा. हे मत किनारभर ऐकू येतं आणि उभ्या दोरीने खेळायच्या मासेमारीला ते योग्यही आहे. डाउनरिगरचं गणित निराळं आहे. तारेच्या टोकाला जड गोळा. गोळ्याच्या वर एक चिमटा. आमिष नावेमागे वीसेक मीटर सोडायचं, रॉडची दोरी चिमट्यात अडकवायची आणि गोळा हव्या त्या खोलीवर उतरवायचा. मग दोरी गुंडाळत रॉडला चांगला बाक आणायचा आणि तसाच ठेवायचा. मासा लागला की दोरी चिमट्यातून सुटते, रॉड उसळून वर येतो आणि ढिली पडलेली दोरी ओढून घेतो. त्यानंतर दोरीवर वजन नाही. तुम्ही आणि मासा.

मामांच्या शेजारचे काका तेवढ्यात चहाला आले. बालोदकडचा माणूस, भिलाईच्या कारखान्यात एसएमएसमध्ये, म्हणजे पोलाद वितळवण्याच्या विभागात, लॅडल क्रेन चालवून निवृत्त झालेले. समुद्र त्यांनी पाहिलेला नाही. तळ्यावर बांबूच्या काठीने गरी खेळणं हा त्यांचा जन्माचा छंद. मी यंत्र समजावून सांगितलं तसे त्यांनी चहाचा कप कट्ट्यावर ठेवला आणि म्हणाले, मग लावून बघू.

चिमटा फाटकाच्या जाळीला बांधला. मामांच्या हत्यारांच्या पेटीतून ताणकाटा निघाला. ताठ रॉड पाइपात उभा करून दोरी गुंडाळली तर रॉड वाकायच्या आधीच चिमटा सुटला. चिमटा आवळला. या वेळी टोक वीतभर वाकलं, काकांनी दोरीला हिसका दिला, आणि सुटलेली दोरी फरशीवर वेटोळी होऊन पडली. समुद्रात एवढ्या ढिलाईत सुरमई गळ झटकून मोकळी होते. मग नऊ फुटी रॉड. तो अर्ध्यापर्यंत वाकला, टोक जवळजवळ पाइपाच्या पातळीला आलं आणि तिथे शांत थांबला. काकांनी हिसका दिला. रॉड सपकन उभा राहिला, दोरी हवेतल्या हवेत ताठ. मामी दारातून म्हणाल्या, "अरे, पुन्हा कर!" आम्ही पुन्हा केलं.

रीलवर मात्र वाद रंगला. भाऊ व्हिक्टोरियाचा अभिमानी. तिकडे साडेदहा फुटी रॉडवर साधं, एकेरी फिरणारं रील लावतात; ब्रेक म्हणजे आपला तळहात. काकांनी ते हातात घेतलं, फिरवलं आणि त्यांना ते फारच आवडलं. भाऊ खुलला. मी म्हटलं, साल्मनला ठीक, सुरमई पहिल्याच धावेत शंभर मीटर दोरी नेते आणि तेवढा वेळ याची मूठ उलटी गरगरत असते. बोटं फोडून घ्यायची तयारी ठेव. काकांनी ते खाली ठेवलं आणि माझी दोन आडवी रीलं जवळ ओढली.

तेव्हा त्यांनी जे केलं ते मी कुठल्याच दुकानात पाहिलेलं नाही. दोरी ताणकाट्याला बांधून ते काटा हळूहळू ओढत मागे सरकू लागले, डोळे काट्यावर. माझी दोरी दहा किलोची, म्हणून ब्रेक अडीच-तीन किलोवर लावला होता. पहिल्या रीलवर काटा चारपर्यंत चढला, मग एकदम दोरी सुटली आणि काटा अडीचवर घसरला. तेच पुन्हा. दुसऱ्यावर काटा तीनला गेला आणि तिथेच राहिला, दोरी एकसारखी येत राहिली. "झटका नइ होना चाही," काका म्हणाले. वितळलेल्या पोलादाची लॅडल उचलली की ब्रेक एकाएकी धरून चालत नाही, लॅडल झुलते, आणि खाली माणसं असतात. हे सांगताना त्यांचा उजवा हात नकळत काहीतरी धरून हळू सरकत होता. दुसरं रील ठरलं. दोरी किती सोडली ते दाखवणारा आकडा त्यावर आहे, तोही इथे लागतोच. नाहीतर चिमट्यामागे आमिष किती लांब आहे हे कळणार कसं?

मधला एक दिवस तांदुळा धरणावर गेला. भिलाईचा कारखाना १९५५ च्या सोव्हिएत करारातून उभा राहिला, हे शाळेत शिकलो होतो; पण भट्ट्यांना पाणी कुठलं, हा प्रश्न मला तिथे पोचेपर्यंत पडला नव्हता. धानाच्या सिंचनासाठी इंग्रजांच्या काळात बांधलेल्या या तांदुळाचंच पाणी कालव्याने मरोद्याच्या तलावात येतं आणि त्यावर पोलाद निघतं. बांधावर उभा राहून मी बराच वेळ ते पाणी पाहत होतो. मासा एकही लागला नाही.

निघायच्या आदल्या रात्री काकांकडे मोहरीतली रोहू जेवलो. रील धुवायची रीत मी त्यांना सांगितली: खाऱ्या पाण्यातून आल्यावर ब्रेक आवळून गोड्या पाण्याने धुवायचं, म्हणजे आतल्या चकत्यांत पाणी जात नाही, आणि ठेवताना ब्रेक सैल करायचा. ते त्यांना लगेच पटलं. गोळ्याबद्दल मात्र पटेना. पोलादाच्या गावातून शिशाचा गोळा न्यायचा, हे त्यांच्या मनाला लागत होतं. बिडाचा ओतून देतो म्हणाले. मग कागदावर हिशेब मांडला. साडेचार किलोचा शिशाचा गोळा नऊ सेंटिमीटर व्यासाचा, बिडाचा साडेदहाच्या पुढे. म्हणजे पाण्याला अडणारा भाग तिसऱ्या हिश्शाने जास्त, नाव चालू लागली की तार तेवढी मागे तिरकी जाणार आणि गोळा वर उचलला जाणार. काकांनी दोन्ही आकडे वहीत उतरवून घेतले. म्हणाले, मग बिडाचा सहा किलोचा करू, आणि डिसेंबरात देवगडला कोणती गाडी जाते ते विचारू लागले.