मानखुर्दला उतरा

मैत्रिणींनो, मुंबईला आलात की राणीची बाग, महालक्ष्मी, दादरची साडीखरेदी हे ठरलेलंच. मी मात्र परवाच्या उन्हाळ्यात हार्बरच्या गाडीनं मानखुर्दला उतरले. नणंदेच्या मुलीला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात सोडायचं होतं, आणि वन्संना एकटीला धीर होईना.

भौतिकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडला जाणारी मुलं इथे निवडतात. देशभरातून दोन परीक्षांच्या चाळण्या लागून मूठभर मुलं शिबिराला येतात. शेवटी जातात पाच जण! ही स्पर्धा १९६७ साली वॉर्सात सुरू झाली, गणिताची त्याआधी, १९५९ साली रुमानियात. मुंबईतही दोन्ही भरल्या, गणिताची १९९६ साली आणि ही २०१५ साली.

पेपर कसला म्हणाल, तर पाच तास लेखी आणि वेगळ्या दिवशी पाच तास प्रयोग. गणिताला साडेचार तासांत अवघे तीन प्रश्न, दुसऱ्या दिवशी आणखी तीन. पाठांतर इथे कामाचं नाही.

वाटेत वन्संचं एकच, "वहिनी, बारावीचं वर्ष, त्यात मुलीची जात. परक्या ठिकाणी इतके दिवस?" थोरल्या मुलाला त्यांनीच कोट्याला क्लाससाठी धाडलं होतं! मी बोलले नाही. पण आत पोचलो आणि पाहिलं, मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. हुशारी का कमी आहे आपल्या पोरींत? परतीच्या गाडीत मग राहवेना. इराणच्या मरियम मिर्झाखानीनं १९९५ साली टोरांटोला गणितात ४२ पैकी ४२ मिळवले, २०१४ साली फील्ड्स पदक मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली, हे वन्संना सांगितलं. वन्सं खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तिच्या आईला झोप लागली असेल का गं?"

चौथ्या दिवशी भाचीचा फोन. "मामी, इथे दोन तास काही सुचलं नाही तरी कुणी रागवत नाही. उलट विचारतात, कुठवर आलीस?"

पाचांत तिचं नाव आलं नाही. वन्सं म्हणाल्या, "मग काय उपयोग?" पोरगी मात्र परवा माझ्याकडे आली, ती दोऱ्याला कडीकुलूप बांधून स्वयंपाकघराच्या दारात झोके मोजत बसली. आमटी उतू गेली, ते तिच्या गावीही नाही.

तुमच्या घरी अकरावी-बारावीचं पोर असेल, तर पहिल्या परीक्षेची चौकशी शाळेत ऑगस्टातच करा. परीक्षा नोव्हेंबरात असते.