न जुळणारे तुकडे

विज्ञान प्रदर्शनातल्या डीएनएच्या मॉडेलवर माझा जुना राग. थर्माकोलचे रंगवलेले गोळे, दोन वायरी, मधूनमधून लुकलुकणारे एलईडी, आणि बहुतेक काम घरच्या मोठ्या माणसांनी केलेलं. ‘पिवळा गोळा कशाचा?’ असं विचारलं की मूल आईकडे बघायचं. त्यामुळे नववीचा ‘आनुवंशिकता व परिवर्तन’ हा धडा आला की मी फळ्यावर आकृती काढायचे, नावं द्यायला लावायचे आणि ॲडेनीनसमोर थायमीन, ग्वानीनसमोर सायटोसीन हे घोकून घ्यायचे. मॉडेलमध्ये वेळ आणि फेव्हिकॉल दोन्ही वाया जातात, असं शिक्षकांच्या खोलीत मी मोठ्यानं सांगत असे.

आता हाच धडा मी पुठ्ठा आणि कात्री घेतल्याशिवाय शिकवत नाही.

मन वळायला सुरुवात झाली ती डीएनएच्या रचनेच्या शोधाचा इतिहास नीट वाचल्यावर. जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी डीएनएवर स्वतः प्रयोग केले नव्हते. क्ष-किरणांची छायाचित्रं लंडनच्या किंग्ज कॉलेजात रोझलिंड फ्रँकलिन आणि रेमंड गॉसलिंग यांनी घेतलेली. ॲडेनीन थायमीनइतकंच आणि ग्वानीन सायटोसीनइतकंच असतं, हे एर्विन शारगाफ यांनी दाखवलेलं. केंब्रिजमधली ही जोडगोळी तुकडे जुळवत बसली होती. 1951 साली त्यांनी तीन धाग्यांचं मॉडेल उभं केलं आणि फ्रँकलिन यांनी ते पाहताच खोडून काढलं. फेब्रुवारी 1953 मध्ये कार्यशाळेतून धातूचे तुकडे येईनात, तेव्हा वॉटसननी जाड पुठ्ठाच कापला. त्याआधी सारख्याला सारखं जोडण्याची त्यांची कल्पना फसली होती. पाठ्यपुस्तकांत या रेणूंची जी रूपं छापली आहेत तीच बरोबर नाहीत, हे जेरी डोनाह्यू या रसायनतज्ज्ञानं त्यांच्या नजरेला आणून दिलं होतं. आकार बदलल्यावर ॲडेनीन-थायमीनची जोडी ग्वानीन-सायटोसीनच्या जोडीइतकीच रुंद निघाली. 25 एप्रिल 1953 च्या ‘नेचर’मध्ये ही रचना छापून आली. जे ज्ञान पुठ्ठे सरकवत हाती लागलं, ते मी मुलांना घोकायला लावत होते.

आता मी मुलांना फक्त तुकडे देते, उत्तर देत नाही. ॲडेनीन आणि ग्वानीनचे तुकडे रुंद, थायमीन आणि सायटोसीनचे अरुंद. ॲडेनीन-थायमीनच्या कडेला दोन खाचा, ग्वानीन-सायटोसीनच्या कडेला तीन. बाकावर दोन पट्ट्या ठरावीक अंतरावर चिकटवलेल्या. अट एकच, पट्ट्या हलवायच्या नाहीत. मुलंही आधी सारख्याला सारखंच जोडतात. दोन रुंद तुकडे मावत नाहीत, दोन अरुंद तुकड्यांमध्ये फट राहते. मग कुणीतरी ॲडेनीनसमोर सायटोसीन ठेवतं. रुंदी बरोबर येते, पण खाचा जुळत नाहीत. वाद होतात, तुकडे हिसकावले जातात, आणि नियम मुलांच्याच तोंडून बाहेर येतो. पुढे मी एक पट्टी झाकते आणि तिच्यावर काय असेल ते विचारते. उरलेल्या पट्टीवरून मुलं ती भरून काढतात आणि पेशी विभागताना डीएनएची नक्कल कशी होते, ते वेगळं शिकवावं लागत नाही.

पण माझं मत पक्कं केलं ते सिकलसेलनं. विदर्भात शिकवणाऱ्याला हा आजार पुस्तकापुरता ठेवता येत नाही. हिमोग्लोबिनच्या एका जनुकात ग्वानीन-ॲडेनीन-ग्वानीन असं असायला हवं, तिथे मधल्या ॲडेनीनच्या जागी थायमीन येतं आणि प्रथिनाच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन बसतं. मॉडेलमध्ये हा बदल करायचा तर एक जोडी काढून उलटी बसवायची, बस्स. रुंदी तीच, खाचा त्याच. चुकीच्या जोड्या नाकारणारा पुठ्ठा ही जोडी मुकाट्यानं स्वीकारतो. असा बदल पिढ्यान्‌पिढ्या कसा टिकतो, या प्रश्नाचं अर्धं उत्तर मुलांना तिथेच मिळतं.

त्यानंतर मण्यांचा खेळ. आई आणि बाबा दोघेही वाहक, म्हणून दोघांच्या वाटीत बदललेल्या जनुकाचा एक लाल, मूळ जनुकाचा एक पांढरा मणी. न बघता दोन्ही वाट्यांतून एकेक मणी उचलायचा, नोंद करायची आणि परत टाकायचा. दोन्ही लाल आले तर बाळाला आजार. ‘एका मुलाला झाला, आता पुढची तीन सुरक्षित’ हा समज अनेक घरांत घट्ट आहे. मणी दर वेळी परत वाटीत जातात, म्हणून दर बाळंतपणाला शक्यता चारांत एक अशीच राहते, हे मुलांना कळतं. एक पथ्य मात्र मी कटाक्षानं पाळते. आई-बाबा काल्पनिकच घ्यायचे, कुणाच्या घरातला आजार वर्गात काढायचा नाही.

मॉडेल काय सांगत नाही, हेही सांगावं लागतं. आमच्या पुठ्ठ्यावर एक जोडी साधारण एक सेंटीमीटर जागा घेते. या मापानं माणसाच्या एका पेशीतला डीएनए सुमारे साठ हजार किलोमीटर लांब होईल, म्हणजे पृथ्वीभोवती दीड फेरा. प्रत्यक्षात तो दोनेक मीटरचा धागा सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणाऱ्या केंद्रकात मावलेला असतो. शिवाय डीएनएच्या दोन धाग्यांचा पीळ उजवा असतो, आणि वर्गातली बरीच मुलं तो डावा घालतात. छापील चित्रांतही तो कधीकधी डावाच असतो.

एलईडीवाल्या मॉडेलवरचा राग अजून गेलेला नाही. जे मॉडेल कुठलीही जोडी निमूट स्वीकारतं, ते शोभेचंच. म्हणून शिक्षकमित्रांना आणि प्रदर्शनाच्या परीक्षकांना एकच विनंती आहे. मॉडेलच्या देखणेपणाला गुण देऊ नका. त्यातली एक जोडी उपटा, उलटी बसवा आणि मुलाला विचारा, ‘आता काय होईल?’ गुण त्या उत्तराला द्या.